विसाव्या वर्षी त्याने विचारलं तर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझं वय 31, नवऱ्याचं 34. लग्नाला चार वर्षं झाली. माझ्या सासऱ्यांना हंटिंग्टनचा आजार आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरुवात झाली म्हणतात. आधी चिडचिड, मग हातातला कप हिंदकळायला लागला, बसल्या जागी पाय नाचायला लागले. पिऊन येतात असा कामावर बोभाटा झाला आणि नोकरी गेली. ते आयुष्यात कधी प्यायले नव्हते. सहा वर्षांपूर्वी रक्ततपासणीत आजाराचं नाव कळलं, म्हणजे आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी. मला मात्र 'नसांचं दुखणं आहे' एवढंच सांगितलं होतं. लग्नानंतर आठ महिन्यांनी एका रात्री नवऱ्यानेच रडत रडत सगळं सांगितलं. तेव्हा मी रागावले नाही. आता कधीकधी राग येतो.

नवरा स्वतःची चाचणी करायला तयार नाही. म्हणतो, 'कळलं तर मी उद्यापासूनच आजारी.' मूल मात्र त्याला हवंय, मलाही हवंय. सासूबाई म्हणतात, हा आजार एक पिढी सोडून जातो, शिवाय मुलगा माझ्या वळणावर गेलाय, त्याला काही होणार नाही. नणंदेने लग्नच केलं नाही. ती परवा म्हणाली, 'बाबांना भरवताना रोज बघतेस आणि तरी मूल हवं म्हणतेस? हे पाप आहे.' तेव्हापासून मला झोप नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आम्ही मूल होऊ दिलं तर ते खरंच चूक ठरेल का? आणि मला दिवस गेल्यावर नवऱ्याची न करता फक्त गर्भाची चाचणी करून घेतली, तर त्याला काही कळायचं कारण नाही ना?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेते, कारण तिथे तुमचा पाय खड्ड्यात पडणार आहे.

हंटिंग्टन हा मेंदू झिजवणारा आनुवंशिक आजार. त्याचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. त्यात सी-ए-जी ही जनुकाच्या लिपीतली तीन अक्षरं एकापुढे एक पुन्हा पुन्हा येतात. 26 वेळांपर्यंत आली तर काही बिघडत नाही. 40 किंवा त्याहून जास्त वेळा आली, तर माणूस पुरेसा जगला की आजार येतोच. 36 ते 39 मध्ये येईलही, न येईलही. दोनपैकी एक प्रत बिघडलेली असली तरी पुरते. म्हणून तुमच्या नवऱ्याला ती मिळाली असण्याची शक्यता निम्मी, आणि त्याची चाचणी होत नाही तोवर तुमच्या बाळाला ती मिळण्याची शक्यता पाव. पिढी सोडून जाण्याचा प्रकार यात नाही. नवऱ्याकडे ते बिघडलेलं जनुक नसेल तर आजार त्याच्यापाशी संपला, तुमच्या मुलांनातवंडांपर्यंत तो जाणार नाही. असेल तर तो मधल्यामध्ये गायब होणार नाही. आणि नाकडोळे आईचे असले म्हणून चौथ्या गुणसूत्राचा तो तुकडाही आईचाच असेल असं नाही. सासूबाईंचं बोलणं मला कळतं. चाळीस वर्षं समुपदेशकाच्या या खुर्चीत बसून मी ते इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की वाद घालणं सोडून दिलं.

आता गर्भाची थेट चाचणी केलीत आणि तिच्यात ते जनुक निघालं, तर ते आलं कुठून? तुमच्या माहेरी हा आजार नाही. म्हणजे नवऱ्याकडून. त्याला नको असलेलं उत्तर तुमच्या पोटातून आलं, आणि तेही आधी तुमच्या हातात. ते घेऊन तुम्ही घरी जाणार आणि चेहरा नेहमीसारखा ठेवणार? तसं जमवलेली माणसं मी पाहिली आहेत. महिना टिकतं, दोन महिने टिकतं. शिवाय तुम्ही गर्भ ठेवायचा ठरवलात तर त्या मुलाचं भविष्य जन्माआधीच कुणाच्या तरी फायलीत लिहिलेलं असेल. ज्यांना लक्षणं नाहीत अशा अल्पवयीन मुलांची ही चाचणी जगभर टाळतात ती याचसाठी. जाणून घ्यायचं की नाही, हे त्याचं त्याने मोठं झाल्यावर ठरवायचं असतं.

नवऱ्याला स्वतःचा निकाल न कळू देताही करता येतील असे रस्ते आहेत, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. पहिल्यात जनुक तपासतच नाहीत. बाळाला नवऱ्याकडून चौथ्या गुणसूत्राचा जो तुकडा मिळाला तो मूळचा सासूबाईंचा की सासऱ्यांचा, एवढंच बघतात. सासूबाईंचा असेल तर बाळ सुटलं. सासऱ्यांचा असेल तर बाळाचा धोका नवऱ्याइतकाच, निम्मा. नवऱ्याचं काय ते झाकलेलंच राहतं. हे दिवस गेल्यावर दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा कण काढून, किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून करता येतं. नाहीतर त्याच्याही आधी, शरीराबाहेर भ्रूण तयार करून, सासूबाईंचा तुकडा असलेलंच गर्भाशयात सोडता येतं. गोम अशी की या पद्धतीत सासऱ्यांचा तुकडा असलेली सगळी भ्रूणं बाजूला काढतात, आणि नवरा निरोगी असेल तर ती सगळीच निरोगी होती. त्याच्या न कळण्याची ही किंमत आहे आणि ती कुणीतरी मोजतं.

दुसऱ्या पद्धतीत प्रयोगशाळा भ्रूणांत ते जनुकच तपासते, पण तुम्हाला काहीच सांगत नाही. किती भ्रूणं होती, किती गाळली, काही नाही. ऐकायला बरी वाटते. पण नवऱ्यात आजार नसेल तर हे सारं विनाकारण आहे हे डॉक्टरांना माहीत असूनही ते गप्प राहणार आणि तुमच्या अंगात पुन्हा इंजेक्शनं टोचणार. एकही भ्रूण चांगलं निघालं नाही तर खोटंखोटं रोपण केल्याचं नाटक करायचं का, हाही प्रश्न येतो. मला ही पद्धत कधी आवडली नाही. ज्या घरात आधीच एक गोष्ट लपवलेली आहे तिथे तर नाहीच.

पहिल्या पद्धतीची एक अट मला बरी वाटते. तिच्यासाठी सासूबाईंचं, आणि जमलं तर सासऱ्यांचंही, रक्त लागतं. म्हणजे सगळ्यांना एका खोलीत बसून बोलावंच लागतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. इथे मी निव्वळ समुपदेशक म्हणून बोलले तर ते खोटं होईल, म्हणून थोडं माझं सांगते.

माझा धाकटा भाऊ ड्युशेनचा होता. स्नायू झिजत जाणारा आजार, बहुधा आईकडून मुलग्यांना येतो, मुली बहुतेक नुसत्या वाहक असतात. तो चार वर्षांचा असताना जिना चढताना मांड्यांवर हात टेकून उठायला लागला. अकराव्या वर्षी चालणं थांबलं. त्याला उचलून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, रात्री दोनदा कूस बदलायला, हे आई आणि मी करायचो. माझं लग्न झालं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तेव्हा ते जनुक सापडलेलं नव्हतं, ते 1986-87 मध्ये हाती लागलं. मी वाहक आहे का हे बघायला तीन वेगवेगळ्या दिवशी स्नायूंतून रक्तात येणारं सीके नावाचं विकर मोजलं. तिन्ही आकडे साधारण निघाले. डॉक्टरांनी कागदावर गणित मांडलं आणि म्हणाले, शक्यता कमी झाली, शून्य नाही झाली. वर उपाय सांगितला : गर्भजल परीक्षा करा, मुलगा असेल तर पाडा. त्यातले निदान निम्मे मुलगे धडधाकट असणार, पण कुठले ते सांगायची सोय नव्हती.

हे मी घरी सांगत असताना भाऊ ऐकत होता. तो म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखा नको, असंच ना?"

मी म्हटलं, तू नको असं नाही रे, तो आजार नको. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्यातून आजार वजा केलास तर जो उरेल तो दुसराच कुणीतरी असेल. त्याला मी ओळखत नाही." तत्त्वज्ञ लोक या कोड्यावर नंतर जाडजूड पुस्तकं लिहिणार होते : जे मूल या आजाराखेरीज जन्मालाच आलं नसतं, त्याचं आपण जन्म देऊन नुकसान केलं असं म्हणता येतं का? माझ्या भावाने ते पलंगावर पडल्या पडल्या दोन वाक्यांत मांडलं. मला तेव्हा उत्तर आलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी तो गेला. आजही पुरतं उत्तर येत नाही.

मी आई झाले नाही. लोकांनी त्याला त्याग म्हटलं, काहींनी शहाणपण म्हटलं. खरं सांगायचं तर मी दमले होते. पुन्हा कुणाला रात्री दोनदा कुशीवर वळवायची ताकद माझ्यात नव्हती. पुढे जनुकाची चाचणी निघाली, तेव्हा मला तिचा उपयोग उरला नव्हता आणि मी ती केलीही नाही. म्हणून 'जाणून घेऊन काय करू' म्हणणारा तुमचा नवरा मला परका वाटत नाही. हंटिंग्टनचा धोका असलेल्यांतले बहुतेक जण चाचणी करत नाहीत. नॅन्सी वेक्सलर या शास्त्रज्ञ बाईंच्या आईला हाच आजार होता. त्या व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठी वर्षानुवर्षं जाऊन हंटिंग्टनच्या कुटुंबांचं रक्त गोळा करत राहिल्या. त्यातून 1983 मध्ये जनुकाचा माग लागला, 1993 मध्ये जनुक सापडलं. ज्या बाईंमुळे ही चाचणी जगाला मिळाली, त्यांनी स्वतःबद्दल कित्येक वर्षं अवाक्षर काढलं नाही. आपल्याला हा आजार आहे हे त्यांनी जाहीर केलं ते 2020 मध्ये. न जाणण्याचा हक्क खरा आहे, आणि त्यावरून नवऱ्याला घालूनपाडून बोलू नका.

नणंदेच्या 'पाप' या शब्दाबद्दल. तो शब्द एकदा सरकारच्या तोंडी आला होता, वेगळ्या वेषात. 1933 मध्ये जर्मनीत कायदा झाला, त्यातल्या आजारांच्या यादीत हंटिंग्टनचं नाव घालून होतं, आणि त्या कायद्याखाली सुमारे 4 लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. म्हणून हा शब्द मी कुणाच्याही मुलाबद्दल वापरत नाही. पण तुमची नणंद त्या लोकांतली नाही. ती वडिलांना भरवते. ती तुमच्या न जन्मलेल्या मुलाविषयी बोलतेय असं मला वाटत नाही, ती स्वतःविषयी बोलतेय. तिलाही निम्म्या शक्यतेची टांगती तलवार आहे, आणि आज राबतेय तीच. तिचं वाक्य मनाला लावून घेण्याआधी आठवड्यातले दोन दिवस तिच्या हातातला चमचा तुम्ही घ्या. मग बोला तिच्याशी.

आणि एक विचारते. सासऱ्यांना कुणी विचारलंय का? या आजारात बोलणं अडखळतं, उत्तर यायला वेळ लागतो, आणि समोरचा समजतो की आत कुणी नाही. पुष्कळदा असतं. सत्तेचाळीस वर्षं ते धडधाकट जगले, संसार केला, दोन मुलं वाढवली. आपण जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटतं का? त्यांचं उत्तर मला ठाऊक नाही. पण या घरात हा प्रश्न विचारण्याजोगा माणूस तेच आहेत.

माझं मत हवं असेल तर ऐका. पाव शक्यतेवर मूल होऊ देणं याला मी गुन्हा म्हणणार नाही. या आजाराची लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत येतात, आणि आधीचं आयुष्य हेही आयुष्यच असतं. मात्र आजार वडिलांकडून येतो तेव्हा ती तीन अक्षरांची माळ पुढच्या पिढीत लांबण्याचा संभव जास्त, आणि माळ लांबली की आजार लवकर गाठतो. थोड्यांना तर विशीच्या आत. तुमच्या घरात तो वडिलांकडूनच खाली यायचा आहे, हे धरून चाला.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. तुम्ही दोघं बाळाच्या जनुकाचा विचार करताय आणि बाळाच्या बापाला विसरताय. समजा नवरा पस्तिसाव्या वर्षी बाप झाला आणि त्यालाही सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरुवात झाली, तर मूल बारा वर्षांचं असेल. लक्षणं दिसल्यापासून माणूस पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे त्या मुलाचं बारा ते तीस हे सगळं वय बापाची चिडचिड, पडणं, भरवणं यात जाऊ शकतं, बाळाच्या स्वतःच्या अंगात ते जनुक नसलं तरीसुद्धा. भ्रूण निवडून हे टळत नाही. बारा वर्षांच्या मुलीने माणूस उचलला की काय होतं ते मला माहीत आहे. ती त्याला प्रेमाने उचलते आणि आतून दमते, आणि वीस वर्षांनी त्या दमण्याला लोक त्याग म्हणतात. तेव्हा ठरवायचं असेल तर आधी हे ठरवा : नवरा आजारी पडला तर त्याचं कोण करेल, पैसा कुठून येईल, आणि मुलाच्या अंगावर हे पडू नये म्हणून कोणकोण उभं राहील. या तिन्हीला नावानिशी उत्तरं हवीत.

माझ्यासमोर बसलेल्या जोडप्यांना शेवटी मी एकच सांगत आले. मूल वीस वर्षांचं झालंय आणि विचारतंय, 'तुम्हाला माहीत होतं?' त्याच्या डोळ्यात बघून काय सांगाल ते आत्ता, माझ्यासमोर मोठ्याने बोलून दाखवा. 'माहीत होतं. धोका किती ते समजून घेतलं, टाळण्याचे मार्ग बघितले, हा निवडला, हा का सोडला तेही सांगतो. तू समजायला लागल्यापासून तुझ्यापासून काही लपवलं नाही' असं ज्यांना म्हणता आलं, त्यांनी काहीही ठरवलेलं असो, मला त्यांची काळजी वाटली नाही. 'आजी म्हणायची काही होणार नाही' हे उत्तर चालत नाही. 'तोवर औषध निघेल असं वाटलं' हेही नाही. 2021 मध्ये ज्या औषधावर सगळ्यांची मोठी भिस्त होती त्याची चाचणी मध्येच थांबवावी लागली. 2025 मध्ये मेंदूत थेट सोडायच्या जनुक-उपचाराने आजाराची चाल मंदावल्याची बातमी आली, पण मोजक्या रुग्णांवरून. आशा जरूर ठेवा, मुलाचं वय तिच्यावर गहाण टाकू नका.

तुमच्यापासून जे लपवलं गेलं त्याचा राग तुम्हाला येतो, आणि तो यायलाच हवा. धोका कुणी तुमच्यावर लादला नव्हता, सांगितलं असतं तर कदाचित तुम्ही त्याच माणसाशी लग्न केलंही असतं. निवडायची संधी हिरावली गेली ते लागलंय. तेच आता तुम्ही दोघं मिळून तिसऱ्या माणसाला करू नका.

जनुकीय समुपदेशकाकडे दोघं मिळून जा. 'चाचणी करायला चाललोय' असं नवऱ्याला सांगू नका, कारण तसं नाहीच आहे. नुसतं ऐकायला चाललोय म्हणा. सासऱ्यांचा रिपोर्ट बरोबर न्या, त्यात त्या अक्षरांचा आकडा असतो. तो वाचायचा की नाही हे नवऱ्याला आधी विचारून घ्या.

प्रश्न : मी आणि माझी बायको दोघंही जन्मापासून कर्णबधिर. आमची भेट कर्णबधिरांच्या शाळेत झाली. डॉक्टर म्हणाले, तुमचं मूल नक्की बहिरं होणार. माझे आईवडील ऐकणारे आहेत. ते म्हणतात, भ्रूण तपासून ऐकणारंच घ्या, नाहीतर थांबा. आम्हाला कसंही चालेल. आम्ही स्वार्थी आहोत का?

उत्तर : 'नक्की' हा शब्द डॉक्टरांनी तुमचं रक्त तपासून वापरला की तुम्हा दोघांकडे बघून? बहिरेपणा अनेक जनुकांतून येतो. दोघांच्याही बहिरेपणाचं कारण एकाच जनुकात असेल, उदाहरणार्थ पुष्कळांत सापडणाऱ्या जीजेबी-2 मध्ये, आणि दोघांच्याही दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर सगळी मुलं बहिरी होतील. दोघांची जनुकं वेगवेगळी असतील तर मुलं बहुधा ऐकणारी निघतात. कर्णबधिर जोडप्यांची बहुतेक मुलं ऐकणारीच असतात. तेव्हा आधी रिपोर्ट मागा.

पण समजा 'नक्की' खरंच नक्की निघालं. वरच्या पत्राला दिलेली कसोटी तुम्हालाही लागू आहे, आणि ती तुम्हाला फार सोपी जाईल. तुमचं मूल विसाव्या वर्षी 'माहीत होतं?' असं हातांनी विचारेल, आणि तुम्ही हातांनीच उत्तर द्याल. ते उत्तर त्याला पहिल्या दिवसापासून समजत आलेलं असेल. ऐकणाऱ्या घरात जन्मलेल्या बहिऱ्या मुलांना भाषा मिळायला कित्येकदा वर्षं लागतात, तुमच्याकडे ती पाळण्याशीच हजर आहे. आईवडिलांना वाटतं ते त्यांच्या अनुभवातून. तुम्ही लहान असताना त्यांना तुमच्याशी बोलता आलं नाही, ते दुःख ते नातवावर मोजताहेत. त्यांना भ्रूणाबद्दल समजावू नका. खुणांची भाषा शिकवा, अजून नऊ महिने तरी हातात आहेत.

बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच ऐकण्याची तपासणी करून घ्या, निकाल काहीही येवो. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, करायचं की नाही हे लवकर ठरवावं लागतं, शक्यतो पहिल्या वर्षाच्या आसपास, आणि त्यावर तुमचं दोघांचं एकमत नाही असं पत्राच्या शेवटी बायकोने वेगळ्या शाईत लिहिलंय. त्याबद्दल तिने वेगळं पत्र पाठवावं.